फी माफ नको, फीच नको

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकपत्रांत दोन पत्रं एकाखाली एक आली होती. एकात लिहिलं होतं की सरकारी आणि अनुदानित कॉलेजं फुकट केली तर पोरं नुसती आयकार्ड आणि एसटीचा पास काढण्यापुरती ॲडमिशन घेतील. खालच्या पत्रात एका काकांनी लिहिलं होतं की मुलींचं शिक्षण तर सरकारनं फुकट करून टाकलंय, आता अजून काय आरती ओवाळायची का. दोघांनाही उत्तर द्यावंसं वाटलं, कारण दोघंही काउंटरच्या बाहेरून बोलतायत आणि मी ३१ वर्षं काउंटरच्या आत बसलो. हिंगोली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेज आहे, आर्ट्स कॉमर्स सायन्स, तिथं ज्युनिअर क्लार्क म्हणून लागलो आणि हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं फी आणि स्कॉलरशिपच्या टेबलावर गेली. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते त्या एका कॉलेजपुरतं नाही, आणि माझी एक फाईल अजून तिथल्या कपाटात आहे (हा अर्धा विनोद समजा).

माझं म्हणणं एवढंच की फी माफ असणं आणि फी नसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडं पन्नास-साठ वर्षं सगळी चर्चा पहिल्या गोष्टीवरच चालू आहे. माफ करायची म्हणलं की आधी फी असावी लागते, मग ती कोणाला माफ आणि कोणाला अर्धी माफ हे ठरवावं लागतं, त्याला दाखले लागतात, दाखल्याला चकरा लागतात, मग अर्ज, मग पडताळणी, मग सरकारकडून कॉलेजला नाहीतर पोराच्या खात्यात पैसे, आणि ते येईपर्यंत कॉलेज म्हणतं आधी तुम्ही भरा. ह्या "आधी तुम्ही भरा" मध्ये किती लेकरं गळाली ह्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नसते कारण जे ॲडमिशनच घेत नाही त्याचा रोल नंबर पडत नाही.

आता आमच्या भागातलं कॅलेंडर बघा. ॲडमिशन जून-जुलैत. तेच पेरणीचे दिवस. हळद असेल तर ती उन्हाळ्यात शिजवून वाळवून वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या मार्केटला गेलेली असते, आलेला पैसा आडत्याची उचल फेडण्यात आणि बँकेचं नवं-जुनं करण्यात गेलेला असतो, जो उरला तो खत-बियाण्यात मातीत गेला. सोयाबीनचा पैसा यायला दसरा-दिवाळी. म्हणजे वर्षात खिसा सगळ्यात रिकामा नेमका तेव्हाच कॉलेजची फी भरायची. दरवर्षी काउंटरवर एकच वाक्य ऐकलं, "साहेब, सोयाबीन निघालं की भरतो, तवर लेकराला बसू द्या वर्गात." आणि माझं उत्तर पण ठरलेलं, आधी भरा, स्कॉलरशिप आली की तुमच्याच खात्यात येईल. खोटं कशाला बोलू, हे मी शेकडो वेळा बोललोय. वरून ऑर्डर होती हे खरं पण तोंड माझंच होतं. एका बापाने प्लास्टिकच्या पिशवीतून दहा-वीसच्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या, मोजायला अर्धा तास लागला, मागं लाईन ओरडायला लागली, त्यात दोनशे कमी भरले तर तो म्हणाला थांबा बाजारातून कोणाकडून तरी आणतो, आणि गेला तो संध्याकाळी पाचला आला, काउंटर बंद झालेलं. मी पुन्हा उघडलं. पण उघडलं नसतं तरी मला कोणी विचारणार नव्हतं.

बरं, सवलत होती की नाही ह्या लेकरांना? होती. सवलती आपल्याकडं भरपूर आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती इंग्रजांच्या काळात १९४४ पासून, ईबीसी म्हणजे आर्थिक मागासांची सवलत यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाची, वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या घरच्या पोरांना फी माफ, आणि त्या एका निर्णयावर आमच्या आधीची आख्खी पिढी मास्तर आणि तलाठी झाली हे मी नाकारत नाही, माझे वडीलबंधू त्याच ईबीसीवर शिकले. पण बाराशेचे पुढं वाढत वाढत आठ लाख झाले, एकाच्या दहा योजना झाल्या, प्रत्येकीचं खातं वेगळं, अट वेगळी. एकाच बाकावर तीन मुली बसल्या तर एकीचा फॉर्म समाजकल्याणचा, दुसरीचा ओबीसी खात्याचा, तिसरीचा उच्च शिक्षणचा. कागद मात्र तिघींनाही जवळपास सेम. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाईल, रेशनकार्ड, बोनाफाईड, मध्ये एक वर्ष घरी बसली असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट, आधारला बँक खातं लिंक, आणि नुसतं लिंक नाही तर सीडिंग (सरकारी पैसे कुठल्या खात्यात जमा व्हायचे त्याची आधारवर नोंद) पाहिजे, ते वेगळं असतं हे बँकेतल्या माणसालाही कधी कधी माहीत नसतं. सेतूत एक दिवस, तहसीलला दोन दिवस, बँकेत एक दिवस. प्रत्येक दिवसाला आईची नाहीतर बापाची मजुरी बुडते. ज्या फीपोटी हे सगळं करायचं ती बीएची ट्यूशन फी काही शेकड्यांत असते हो, मजुरीच तेवढी जाते.

शिष्यवृत्तीच्या ऑनलाईन अर्जांचं महाडीबीटी पोर्टल आलं तेव्हा आम्हाला ट्रेनिंग दिलं, सांगितलं आता सगळं पारदर्शक, पैसे थेट खात्यात. पहिल्या वर्षी ते इतकं अडकलं की शेवटी अर्ज ऑफलाईन घ्यावे लागले. पुढं सुधारलं, मान्य आहे, आणि त्याच्या आधी शिष्यवृत्तीच्या नावाखाली काही संस्थांनी बोगस पोरं दाखवून पैसे उचलले होते ते थोडं थांबलं हे पण मान्य. पण ओटीपी बापाच्या फोनवर, बाप ऊसतोडीला कर्नाटकात, फडात रेंज नाही, इकडं शेवटची तारीख. मी स्वतः रात्री अकरा वाजता कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसून पोरांचे फॉर्म रिसबमिट केलेत कारण दिवसा सर्व्हर चालत नव्हता. अर्ज क्लार्क लॉगिनला, मग प्राचार्य लॉगिनला, मग जिल्ह्याला, तिथून "सेंड बॅक", कारण काय तर दाखल्यावरचं नाव आणि मार्कमेमोवरचं नाव जुळत नाही, एकीकडं आईचं नाव आहे एकीकडं नाही. पोरगी तोवर थर्ड इयरला.

अजून एक सांगतो, हे शहरातल्या वाचकांना बहुतेक माहीत नसेल. दुष्काळ जाहीर झाला की त्या तालुक्यातल्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ होते, जुना नियम आहे, चांगला आहे. पण दुष्काळ जाहीर होतो तेव्हा परीक्षेचे फॉर्म भरून झालेले असतात, म्हणजे फी आधीच घेतलेली असते, मग माफी म्हणजे परतावा. परताव्याला याद्या करायच्या, खाते नंबर गोळा करायचे, वर पाठवायचे. पैसे आले तेव्हा निम्मी पोरं कॉलेज सोडून गेलेली, खाती बंद पडलेली. सातशे-आठशे रुपयांसाठी पुण्याहून कोण येतंय, एका पोराने तर फोनवर सांगितलं सर राहू द्या तुम्हीच चहा प्या. सरकारने माफी दिली हे पेपरात आलं, आकडे आले, आणि ज्याला मिळायची त्याला मिळालीच नाही, आणि मधल्या कोणीही चोरी केली नाही. ह्यालाच मी म्हणतो माफीची पद्धत. बेइमानी न करताही ती फसते.

आता उलटं बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत नाव घालायला गेलं तर कोणी उत्पन्नाचा दाखला मागतं का? बागायतदाराचं पोरगं आणि त्याच्याच सालगड्याचं पोरगं, दोघांना फी नाही, विषय संपला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते सगळ्यांसाठी केलं, दाखला आण मग मोफत असं नाही. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या पोरांचा हक्क झाला. मुलींना आपल्या राज्यात बारावीपर्यंत फी नाही. एसटीचा पाससुद्धा अहिल्याबाई होळकरांच्या नावच्या योजनेत बारावीपर्यंत मुलींना फुकट. आणि मग बारावी पास झाली की जणू काही बापाला लॉटरी लागली असं समजून सगळं एकदम चालू होतं, पासचे पैसे भर (सवलतीतले असले तरी भर), ॲडमिशनचे भर, दाखले आण. आमच्याकडं जुनी माणसं एफवायला अजून तेरावी म्हणतात. तेरावीचा आकडा खरंच वाईट आहे बघा.

त्या काकांचं म्हणणं की मुलींचं फुकट झालंय. अर्धं खरं आहे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, मी प्रिंट काढून वाचलाय. व्यावसायिक अभ्यासक्रम, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल वगैरे, कॅप राऊंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) ॲडमिशन, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत, ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी अशा मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के. आधी बऱ्याच जणींना पन्नास होतं. चांगला निर्णय आहे, मी टीका करायला बसलेलो नाही. पण त्यात अभिमत विद्यापीठ नाही, खाजगी विद्यापीठ नाही, मॅनेजमेंट कोटा नाही. आणि शिक्षण शुल्क म्हणलंय म्हणजे शिक्षण शुल्कच. माझ्या धाकट्या भावाची दोन लेकरं इंजिनिअरिंगला आहेत, आम्ही ओबीसीत येतो. पोरीची ट्यूशन फी माफ, पोराची अर्धी. पोरीच्या कॉलेजात डेव्हलपमेंट फी वेगळी, डिपॉझिट वेगळं, ट्रेनिंग प्लेसमेंट नावाचं काहीतरी वेगळं, आणि ॲडमिशनच्या दिवशी सांगितलं की सरकारकडून आल्यावर परत करू, तोवर काही रक्कम भरा. मंत्र्यांनी टीव्हीवर इशारा दिला होता असं करणाऱ्या कॉलेजांवर कारवाई करू म्हणून. भाऊ म्हणाला इशारा टीव्हीवर आहे आणि ॲडमिशनची शेवटची तारीख इथं बोर्डावर आहे, मी कोणाचं ऐकू. भरले. नंतर पोरगा एकदा जेवताना सहज बोलून गेला की काका मी पण मुलगी असतो तर बाबांची जमीन गहाण राहिली नसती, सगळे हसले, भाऊ हसला नाही.

मुलीला दिलं ते काढून घ्या असं मी म्हणत नाहीये, कृपा करून कोणी तसा अर्थ काढू नका. मुलगी शिकायची तर घरात आधी तिचंच नाव कापलं जातं हे मी काउंटरवर पाहिलंय, दोघांचे फॉर्म घेऊन आलेला बाप पैसे एकाचेच निघाले की पोरीचा फॉर्म घडी करून खिशात ठेवायचा. मी म्हणतोय की हे भावा-बहिणीत, जातीजातीत, आठ लाखाच्या अलीकडच्या पलीकडच्यात वाटून वाटून देण्याऐवजी जी कॉलेजं सरकारची आहेत किंवा ज्यांचे पगार सरकार देतं तिथं फीचा रकानाच काढून टाका.

कारण हा पैसा जातो कुठं ते बघा. त्या २०२४ च्या अर्थसंकल्पात ह्या योजनेसाठी सुमारे २ हजार कोटी आणि दोन लाखांवर मुलींना फायदा असं सांगितलं होतं. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या बहुतेक जागा आपल्या राज्यात कुठं आहेत? खाजगी विनाअनुदानित कॉलेजात. १९८३ ला वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तोवर पोरं कर्नाटकात डोनेशन देऊन जायची, पैसा तिकडं जायचा, त्यामुळं त्यावेळी ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण चार वर्षांत १९८७ ला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला ह्याच्यातच काय ते आलं. मग सुप्रीम कोर्टाची प्रकरणं, १९९३ ला फ्री सीट पेमेंट सीट (काही जागा कमी फीत, काही जादा फीत), २००२ ला ते पण गेलं, मग फी ठरवायला समिती, मग २०१५ चा कायदा आणि शुल्क नियामक प्राधिकरण. आज काय होतं की संस्था आपला खर्च दाखवते, त्यावरून फी ठरते, आणि ती फी सरकार भरून देतं. फी वाढली की सरकारचं बिल वाढलं. म्हणजे सरकारने स्वतःचं कॉलेज बांधलं असतं, स्वतःची माणसं भरली असती, तर दहा वर्षांनी बिल्डिंग तरी सरकारची राहिली असती. हे भाडं भरून भरून शेवटी घर मालकाचंच राहतंय. आणि मालक म्हणतो भाडं थकलंय. त्यांचं पण पूर्ण खोटं नाही, परतावा वेळेवर येत नाही हे खरं आहे, २००९ च्या त्याच शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) पंचवीस टक्के राखीव जागांवरून इंग्लिश स्कूलवाले पण हेच रडतात. फरक इतका की संस्था थकबाकीवर कोर्टात जाते आणि पोरगं थकबाकीवर घरी जातं.

आता अनुदानित बीए-बीकॉम-बीएस्सीचं बोलू, कारण राज्यातली भरपूर पोरं तिथं आहेत आणि पेपरात कधी येत नाहीत. तिथं ट्यूशन फी एकदम कमी असते, लोक म्हणतात मग प्रॉब्लेम काय. पावती बघा ना. ट्यूशन फी ही एक लाईन, मग प्रवेश फी, लायब्ररी, लॅबोरेटरी, जिमखाना, मॅगझिन (जे निघतच नाही), आयकार्ड, विद्यार्थी कल्याण, एनएसएस, आपत्ती व्यवस्थापन, विद्यापीठाच्या दोन-तीन लाईनी, त्यात एक अश्वमेध. एकदा एका आजोबांनी चष्मा लावून पावती वाचली आणि विचारलं, हे अश्वमेध काय आहे, आमच्या नातीनं घोडा सोडलाय का? विद्यापीठांच्या क्रीडा स्पर्धा असतात त्याचा निधी आहे तो, पण त्यांना काय सांगणार. मुद्दा असा की सरकारने ट्यूशन फी माफ केली तरी खालच्या पंधरा लाईनी तशाच राहतात. वर त्याच कॉलेजात सायन्सची एखादी तुकडी सेल्फ फायनान्स असते, बीसीए बीसीएस असतं, तिथली फी कित्येक पट. एकच गेट, एकच बोर्ड, एका दारातून गेलं तर अनुदानित दुसऱ्या दारातून गेलं तर विनाअनुदानित, आणि ज्याला मार्क थोडे कमी किंवा फॉर्म थोडा उशिरा तो दुसऱ्या दाराने.

आणि ती ट्यूशन फी आम्ही गोळा करून चलनाने ट्रेझरीत भरायचो. ती गोळा करायला मी, माझ्या हाताखाली एक, पावती पुस्तकं, कॅशबुक, ऑडिटवाले येणार तीन दिवस राहणार, त्यांच्या शंका, त्याचा खुलासा. एकदा आमच्या प्राचार्यांनी गंमत म्हणून हिशोब केला होता की ह्या फीचा रुपया गोळा करायला आपण किती खर्च करतो. आकडा सांगत नाही, तो गंमतीचाच हिशोब होता, पण मॅडम नंतर बराच वेळ गप्प होत्या.

"फुकटच्या गोष्टीची किंमत राहत नाही" हे वाक्य तर मी रिटायर होईपर्यंत स्टाफरूममध्ये ऐकलं, आणि बोलणारे बहुतेक जण स्वतः ईबीसीत शिकलेले. नुसतं नाव घालून पोलीस भरतीच्या तयारीला निघून जाणारी पोरं आजही आहेत साहेब, फी भरून आहेत. ती वर्गात बसत नाहीत त्याचं कारण फी कमी आहे हे नाही. वर्गात शिकवायला माणूस नाही हे आहे. २०१७ पासून प्राध्यापक भरतीवर बंदी आली, मधे थोडी उठली, पुन्हा रखडली, रिटायर झालेल्यांच्या जागी तासिका तत्त्वावर म्हणजे सीएचबीवर पोरं घेतली. नेट-सेट पीएचडी झालेला माणूस तासावर पैसे घेतो, ते पण चार-चार महिन्यांनी, सुट्टी लागली की शून्य. आमच्याकडचा एक सीएचबी सर दुपारी तास घेऊन संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात बसायचा, विद्यार्थ्यांनाच क्रोसिन द्यायचा. ह्या माणसाच्या वर्गात हजेरी पंच्याहत्तर टक्के भरली नाही म्हणून पोराला दोष द्यायचा आणि वर म्हणायचं फुकट आहे म्हणून किंमत नाही? फी रद्द करा म्हणतो त्याच दमात मी हे पण म्हणतो की जागा भरा, नाहीतर फुकट काय देताय, रिकामा वर्ग?

दुसरा आक्षेप, श्रीमंतांची पोरं पण फुकट शिकतील. शिकू द्या की. एक तर श्रीमंताचं पोरगं तालुक्याच्या बीएला येतच नाही, ते दहावीलाच लातूर नाहीतर नांदेडला क्लासला गेलेलं असतं. आणि दुसरं म्हणजे आज जी चाळणी आहे ती श्रीमंताला अडवते असं वाटतं का तुम्हाला? वीस एकर बागायत आणि कृषी सेवा केंद्र असणाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मी ऐंशी हजाराचा पाहिलाय, आणि नवरा-बायको दोघं शिक्षक, घराचे हप्ते चालू, त्यांची पोरगी पूर्ण फी भरायची कारण पगाराचा कागद खोटा करता येत नाही. ही चाळणी पैसेवाला बघून अडवत नाही, ज्याचा कागद खरा आहे त्याला अडवते. पैसेवाल्याकडून घ्यायचंच तर टॅक्समध्ये घ्या, तिथं त्याची माहिती जास्त बरोबर असते. कॉलेजच्या खिडकीत बसलेल्या क्लार्कला इन्कम टॅक्स ऑफिसर करू नका.

जर्मनीचं उदाहरण हल्ली प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर असतं, कोणाचा ना कोणाचा मुलगा तिकडं एमएसला गेलेला आहे, "फीच नाही हो तिथं". बरोबर आहे, आणि ते असं आपोआप झालेलं नाही. तिथल्या सात राज्यांनी २००६-०७ च्या सुमारास सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत फी लावली होती, लोकांनी विरोध केला, बव्हेरियात तर २०१३ ला लाखो लोकांनी जाऊन सह्या केल्या, आणि २०१४ ला शेवटच्या राज्याने पण ती काढून टाकली. आपल्या पोरांसाठी मात्र बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो लावलेत, हे ग्रुपवर कोणी सांगत नाही. आणि व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो आधी खात्यात ब्लॉक करून दाखवावे लागतात. म्हणजे ट्यूशन फी शून्य असलेल्या देशात जायला पण दहा लाखाच्या वर दाखवावे लागतात, कारण तिथल्या सरकारला माहीत आहे की शिकण्याचा खरा खर्च फी नसून जगण्याचा आहे.

तेच आपल्याकडं. हिंगोलीची पोरगी नांदेडला नाहीतर संभाजीनगरला गेली की फी पेक्षा खोली आणि मेस जड जाते. कॉट बेसिसवर एका खोलीत पाच जणी, मेसचा डबा एकच लावायचा आणि तो दोघींत खायचा, हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या पुतणीने केलंय. राहण्याखाण्याला मदत म्हणून स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, कागदावर रकमा वाईट नाहीत, पण पुन्हा तेच, अर्ज, पडताळणी, आणि पैसे येतात वर्ष संपता संपता. भूक काय परताव्यावर चालते का. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली, पोरगं शिकायचं तर आधी त्याच्या डोक्यावर छप्पर आणि पुढ्यात भाकरी पाहिजे हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, फ्री आणि रेसिडेन्शियल, पोरांनी शेतावर राबायचं, कमवायचं, शिकायचं. गरीब काळ होता, देश स्वतंत्र व्हायच्या उंबरठ्यावर, तिजोरीत काही नव्हतं, तेव्हा एका माणसाला जमलं आणि आज एवढ्या मोठ्या राज्याला जमत नाही म्हणतात.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न बरोबर आहे, मी क्लार्क आहे, बिनपैशाच्या गप्पा मला पण आवडत नाहीत. कोठारी आयोगाने साठच्या दशकात सांगितलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, २०२० च्या नव्या धोरणात पण तेच ६ टक्के लिहिलंय, म्हणजे अजून तिथं पोचलो नाही. त्याच नव्या धोरणात डिग्री चार वर्षांची झाली, ऑनर्स पाहिजे तर चौथं वर्ष, त्या चौथ्या वर्षाची खोली आणि मेस कोण भरणार ह्याचं एक पान त्या धोरणात मला सापडलं नाही. माझं म्हणणं सुरुवात छोटी करा. सरकारी आणि अनुदानित बीए बीकॉम बीएस्सी, सरकारी पॉलिटेक्निक, आयटीआय, इथं येत्या वर्षापासून ट्यूशन, परीक्षा आणि त्या अश्वमेधासकट सगळ्या लाईनी शून्य, मुलगा मुलगी जात उत्पन्न काही न विचारता. ही रक्कम इंजिनिअरिंगच्या परताव्यापुढं फार मोठी असेल असं मला माझ्या टेबलावरून तरी वाटत नाही. ज्या माणसांचा वेळ माफीच्या पडताळणीत जातो त्यांना वसतिगृहाचा भत्ता वेळेवर द्यायच्या कामाला लावा, तिथं दाखला मागा, तिथं चाळणी लावा, तिथं ती लागतेच कारण सगळ्यांनाच खोली लागत नाही. खाजगीतल्या मुलींची चालू योजना बंद करू नका, पण दरवर्षी तिकडं जेवढा पैसा वाढणार आहे तो इकडं सरकारी जागा वाढवायला वळवा. हे मी एकट्याने शोधलेलं नाही, काउंटरच्या आत बसणारा कोणीही क्लार्क तुम्हाला हेच सांगेल, फक्त त्याला कोणी विचारत नाही आणि तो सर्व्हिसमध्ये असेपर्यंत लिहू शकत नाही.

पत्र लांबलं. जागा कमी असेल तर जर्मनीचा पॅरा काढला तरी चालेल, माझा पुतण्या म्हणतोय ते सगळ्यांना माहीत आहे. पण दुष्काळाच्या परीक्षा फीचा पॅरा कापू नका साहेब, त्या याद्या मी हाताने केल्या होत्या, दोनदा.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क, जि. हिंगोली
(नाव आणि पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, छापू नये ही विनंती.)